सहा माणसे, एक होडी आणि चोहीकडे पाणी

सुट्टी जवळ आली की घरात एकच चर्चा सुरू होते : यंदा कुठे जायचे? कोणी म्हणते मामाच्या गावाला, कोणी म्हणते महाबळेश्वरला. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात राहणाऱ्या एका शेतकऱ्याच्या घरीही एका रविवारी सकाळी अशीच चर्चा निघाली. रेडिओवर शिडाच्या नौकांतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यांची बातमी लागली होती. ती ऐकून घरातला एक लहान मुलगा म्हणाला, की बाबा तर खलाशीच आहेत. मग आपण का नाही जायचे जगाच्या सफरीला?

लहान मुलाचे बोलणे आपण हसण्यावारी नेतो. या घरात मात्र तसे झाले नाही. डूगल रॉबर्टसन हे त्या शेतकऱ्याचे नाव. तरुणपणी तो व्यापारी जहाजांवर अधिकारी होता. त्याची पत्नी लिन ही परिचारिका. दोघांनी गाईगुरांसह शेत विकले आणि 'लुसेट' नावाची शिडाची नौका विकत घेतली. नौका ४३ फूट लांब, लाकडी, १९२२ साली बांधलेली. २७ जानेवारी १९७१ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या फॅलमथ बंदरातून हे कुटुंब निघाले. डूगल, लिन, मोठी मुलगी ॲन, मोठा मुलगा डग्लस आणि नील व सँडी हे दोन जुळे भाऊ.

जवळजवळ दीड वर्ष सफर चालली. त्यांनी अटलांटिक महासागर ओलांडला, कॅरिबियन समुद्रातली बेटे पाहिली. बहामा बेटांत ॲन नौकेवरून उतरली. पुढे पनामा येथे एक तरुण प्रवासी सोबतीला आला. पनामा कालव्यातून लुसेट पॅसिफिक महासागरात उतरली आणि गॅलापागोस बेटांना पोहोचली. डार्विनने १८३५ साली जिथले पक्षी आणि कासवे पाहिली तीच ही बेटे. तिथून आणखी पश्चिमेकडे, दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांकडे जायचे होते.

१५ जून १९७२ रोजी सकाळी, गॅलापागोसच्या पश्चिमेला सुमारे २०० मैलांवर, नौकेला खालून प्रचंड धक्के बसले. ओर्का म्हणजे किलर व्हेल यांच्या कळपाने नौकेला धडक दिली होती. या प्राण्याला व्हेल म्हणत असले तरी तो डॉल्फिनच्या कुळातला, त्या कुळातला सर्वांत मोठा. (२०२० सालापासून स्पेन आणि पोर्तुगालच्या किनाऱ्यांजवळही ओर्कांनी शिडाच्या नौकांची सुकाणू मोडल्याच्या अनेक घटना घडल्या आहेत.) लुसेटच्या तळाला भगदाड पडले आणि बघता बघता ती बुडाली. सहाही माणसे हवा भरलेल्या रबरी तराफ्यावर चढली. सोबत 'एडनामेअर' नावाची जेमतेम तीन मीटर लांबीची छोटी होडीही वाचली. पाण्यावर तरंगणारे कांदे, थोडी संत्री-लिंबे आणि लिनची शिवणकामाची टोपली त्यांनी गोळा केली. तराफ्यावर संकटकाळासाठी बांधून ठेवलेले थोडे पाणी आणि थोडे खाद्य होते. घाईत उचललेली एक भाजी चिरायची सुरी होती. झाले, एवढाच संसार!

नील आणि सँडी तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते, म्हणजे तुमच्याच वयाचे. आता पुढे काय करायचे? वाचण्याआधी तुम्हीही मिनिटभर विचार करा.

समुद्राचे पाणी का प्यायचे नाही?

सर्वांत पहिला प्रश्न पाण्याचा. हिशेब करून पाहू. अगदी काटकसरीने एका माणसाला दिवसाला अर्धा लिटर पाणी धरले, तरी सहा माणसांना रोज तीन लिटर लागणार. महिनाभरात नव्वद लिटर! आणि होडीत तर काही डबेच पाणी होते.

तुम्ही म्हणाल, चोहीकडे पाणीच पाणी होते की! पण त्यातले पेलाभर पाणीही प्यायचे नव्हते. याचे कारण तुमच्या स्वयंपाकघरात सापडेल. आई काकडीची कोशिंबीर करते तेव्हा चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवते. थोड्या वेळाने पाहा, काकडीला पाणी सुटलेले असते. बाहेर मीठ जास्त असले की पेशींच्या आतले पाणी पातळ पडद्यातून बाहेर ओढले जाते. याला परासरण म्हणतात.

आपल्या शरीरातही असेच घडते. दवाखान्यात शिरेतून देतात त्या सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते; रक्ताला मानवेल असेच ते प्रमाण ठेवलेले असते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे पाणी प्यायलो तर जादा मीठ बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांवर येते. पण समुद्राच्या पाण्याइतकी खारट लघवी तयार करणे माणसाच्या मूत्रपिंडांना जमत नाही. त्यामुळे पेलाभर समुद्रपाण्यातले मीठ घालवायला पेलाभरापेक्षा जास्त पाणी खर्च होते. जमेपेक्षा खर्च मोठा! तहान भागण्याऐवजी शरीर आतून वाळत जाते.

पाण्याचा खर्च आणखी एका वाटेने होतो. मांस, मासे यांत प्रथिने भरपूर. प्रथिने पचल्यावर युरिया तयार होतो आणि तो बाहेर टाकायलाही पाणीच लागते. म्हणून अशा प्रसंगी नियम असा, की पाणी नसेल तर पोट भरण्याची घाई करायची नाही. भूक माणसाला आठवडेच्या आठवडे सोसते, तहान मात्र थोडे दिवसच.

वाऱ्याशी भांडायचे की वाऱ्यासोबत जायचे?

दुसरा प्रश्न दिशेचा. सर्वांत जवळची जमीन गॅलापागोसची, २०० मैलांवर, पूर्वेला. साहजिकच कोणालाही वाटेल की तिकडेच वल्ही मारावी. पण डूगलने तसे केले नाही.

का ते समजण्यासाठी नकाशा उघडा. हा भाग विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. इथे आग्नेयेकडून व्यापारी वारे सतत वाहतात आणि समुद्राचा प्रवाहही पश्चिमेकडे जातो. म्हणजे गॅलापागोसला परतायचे तर वारा आणि प्रवाह दोन्ही समोरून. लुसेटसारखी मोठी नौका नागमोडी वाट काढत वाऱ्याविरुद्ध जाऊ शकते, कारण तिच्या तळाला पाण्यात खोल गेलेला कणा असतो. वारा शिडाला बाजूला ढकलतो, कणा त्या ढकलण्याला अडवतो आणि उरलेल्या जोराने नौका पुढे सरकते. छोट्या होडीला असा कणा नव्हता आणि रबरी तराफा तर पाण्यावर पालथ्या टोपलीसारखा घसरणारा. उपाशी माणसांनी वल्ही मारून हे अंतर कापणे अशक्य होते.

मग पश्चिमेला? तिकडे वारा आपणहून नेणार होता, पण पुढची बेटे हजारो मैल दूर आणि वाटेत पावसाचा भरवसा नाही.

डूगलने तिसरी दिशा निवडली, उत्तर! तिकडे जमीन नव्हती, पण पाऊस होता. उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतले व्यापारी वारे जिथे एकमेकांना भेटतात, तिथे उष्ण, बाष्पाने भरलेली हवा वर चढते, थंड होते आणि धो धो पाऊस पडतो. वारा मात्र तिथे मंद असतो, म्हणून जुने खलाशी त्याला शांत पट्टा म्हणत आणि तिथे अडकून पडण्याला भीत. जून-जुलैत सूर्य उत्तरेकडे असल्यामुळे हा पट्टाही विषुववृत्ताच्या उत्तरेला सरकलेला असतो. आपल्या कोकणात ज्या दिवसांत मोसमी पाऊस सुरू होतो, त्याच दिवसांतली ही गोष्ट आहे, हे ध्यानात घ्या. दोन्ही पावसांमागे सूर्याची तीच चाल आहे.

आणखी एक सोय होती. त्या शांत पट्ट्याच्या आसपास समुद्राचा एक प्रवाह उलटा, म्हणजे पूर्वेकडे वाहतो. त्याला विषुववृत्तीय प्रतिप्रवाह म्हणतात. आधी उत्तरेला जाऊन पाणी मिळवायचे, मग त्या प्रवाहासोबत मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याकडे सरकायचे, असा हा बेत. अंतर लांबचे, पण वाट वाऱ्याच्या आणि पाण्याच्या मर्जीची.

होडीवर काठी उभी करून शिडाचे कापड बांधले. होडी पुढे, दोरीने बांधलेला तराफा मागे. अशी ही वरात उत्तरेकडे निघाली.

मूठभर आकाश

दिशा कशी ओळखायची? दिवसा सूर्यावरून, रात्री ताऱ्यांवरून. उत्तरेकडे जाणाऱ्याला ध्रुवतारा फार उपयोगी पडतो. तुम्ही जितक्या अंश अक्षांशावर असाल, तितकेच अंश ध्रुवतारा क्षितिजाच्या वर दिसतो. विषुववृत्तावर तो क्षितिजाला टेकलेला. मुंबईचे अक्षांश १९, म्हणून मुंबईत तो सुमारे १९ अंशांवर.

हे तुम्हीही पडताळून पाहू शकता. हात सरळ लांब करा, मूठ वळा आणि एक डोळा मिटा. मुठीची रुंदी आकाशात सुमारे १० अंश भरते. मुंबई-पुण्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर सापडेल. जुन्या खलाशांचे हेच साधन. नकाशा बुडाला तरी आकाश बुडत नाही.

कासवाचे अश्रू

पहिल्याच आठवड्यात एक जहाज दिसले. त्यांनी फ्लेअर, म्हणजे लाल प्रकाश देणारी दारूकामाची नळकांडी, पेटवली. जहाजावर कोणाचेही लक्ष गेले नाही. ते निघून गेले. मुलांच्या मनाला काय वाटले असेल, कल्पना करा! त्या दिवशी डूगलने मनाशी ठरवले, की यापुढे कोणी सोडवायला येईल याची वाट पाहायची नाही. आपणच किनारा गाठायचा.

शांत पट्ट्याकडे जाताना पाऊस भेटला. मिळेल त्या भांड्यात, डब्यात, पिशवीत पाणी साठवले. खाण्यासाठी उडणारे मासे आपणहून येऊन पडत. डोराडो जातीचे मोठे मासे त्यांनी पकडले आणि समुद्री कासवेही.

कासवाचे रक्त त्यांनी प्यायले. वाचून अंगावर काटा येतो, पण त्यामागेही विज्ञान आहे. समुद्रात राहूनही कासवाचे रक्त समुद्राइतके खारट नसते. त्याच्या डोळ्यांजवळ मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासविणीच्या डोळ्यांतून पाणी वाहताना लोक पाहतात आणि म्हणतात, बिचारी रडते आहे. ती रडत नसते. शरीरातले जादा मीठ बाहेर टाकत असते. जे काम आपल्या मूत्रपिंडांना जमत नाही, ते कासवाचे अश्रू करतात. आज समुद्री कासवे भारतात कायद्याने संरक्षित आहेत, आणि ते योग्यच आहे. रॉबर्टसन कुटुंबापुढे प्रश्न सहा जिवांचा होता.

उरलेल्या मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवल्या. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर काठ्यांना टांगलेले बोंबील तुम्ही पाहिले असतील, रीत तीच. पाणी निघून गेले की कुजवणाऱ्या जिवाणूंची वाढ थांबते. कासवाच्या चरबीचे तेल उन्हानेच काढून खाऱ्या पाण्याने झालेल्या फोडांवर लावले.

लिनच्या परिचारिकेच्या ज्ञानाचा इथे मोठा उपयोग झाला. होडीच्या तळाशी पावसाचे पाणी साचे, पण त्यात कासवाचे रक्त आणि घाण मिसळलेली. प्यायले तर उलटी होणार आणि अंगातले आहे तेही पाणी जाणार. लिनने ते पाणी नळीने एनिमा म्हणून दिले. मोठ्या आतड्याचे मुख्य कामच पाणी शोषून घेण्याचे आहे. हाच प्रयोग समुद्राच्या पाण्याने केला असता तर? काकडी आठवा. उलट आतड्यातूनच पाणी ओढले गेले असते.

तीन मीटरांत सहा जण

रबरी तराफा हळूहळू फाटत चालला. त्यात पुन्हा पुन्हा तोंडाने हवा भरावी लागे आणि आत शिरलेले पाणी उपसावे लागे. १६ दिवसांनी तो निरुपयोगी झाला. आता सहाही जण तीन मीटरांच्या एडनामेअरमध्ये!

तुमच्या घरातली चटई किती लांब आहे ते मोजा आणि तिच्यावर सहा जण बसून पाहा. त्यातून ही चटई डुलणारी. होडीची काठ पाण्यापासून थोडीशीच वर होती. एक माणूस उभा राहिला की सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य वर जातो. एक बाजूला झुकला की तो बाजूला सरकतो. दोन्हीमुळे होडी कलंडू शकते. म्हणून सर्वांनी खाली बसायचे आणि कोणाला जागा बदलायची तर आधी इतरांना सांगून, तोल सांभाळून. आपल्याकडे खाडी ओलांडताना तरीवाला "उभं राहू नका" म्हणून ओरडतो, त्याचेही कारण हेच.

मन सांभाळणे हेही एक काम होते. रॉबर्टसन मंडळींनी एक खेळ काढला. घरी परतल्यावर आपण 'डूगल्स किचन' नावाचे खाद्यगृह काढायचे. त्यात कोणकोणते पदार्थ ठेवायचे, कसे रांधायचे, याची चर्चा तासन् तास चाले. तहानलेल्या, भुकेल्या मुलांना उद्याचा दिवस आहे असे वाटत राहिले, ते अशा बोलण्यामुळेच.

अडतिसाव्या दिवशी, २३ जुलै १९७२ रोजी, त्यांच्याजवळ वाळवलेले मांस आणि पाणी एवढे साठले होते की रात्री वल्ही मारून वेग वाढवायचा त्यांचा विचार होता. किनारा अजून शेकडो मैल दूर होता. इतक्यात एक जहाज दिसले. डूगलने उरलेली फ्लेअर पेटवली. या वेळी मात्र जहाज वळले! पनामा कालव्याकडे निघालेले 'तोका मारू २' हे जपानी मासेमारी जहाज होते ते. सहाच्या सहा माणसे जिवंत वर घेतली गेली.

मुलांना न्यावे की नाही?

तुम्ही विचाराल, आईवडिलांनी लहान मुलांना अशा सफरीवर न्यावेच का? प्रश्न रास्त आहे. समुद्र कोणाचे वय पाहत नाही. नौका पन्नास वर्षांची जुनी आणि संकटकाळचे सामान जेमतेम होते, हेही खरेच. पण आजही कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह शिडाच्या नौकांतून फिरतात. मुले गाठी मारायला शिकतात, हवामान पाहायला शिकतात, पाणी मापून वापरतात आणि शाळेचे धडेही नौकेवर गिरवतात. फरक पडला आहे तो तयारीत.

रॉबर्टसनजवळ मदत मागण्याचे साधन म्हणजे काही फ्लेअर. आज नौकेवर संकटसूचक रेडिओ असतो. तो सुरू केला की संदेश उपग्रहांमार्फत जमिनीवरच्या केंद्राला पोहोचतो. १९८२ पासून ही उपग्रहयोजना माणसे वाचवीत आहे. भारताचे केंद्र बंगळूरला आहे. समुद्राचे पाणी सूक्ष्म पडद्यातून दाबून गोडे करणारे हातपंपही मिळतात. काकडीतली क्रिया उलटी फिरवली की झाला पंप! आणि लहान मुलाच्या अंगात त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट व कमरेला नौकेशी बांधणारा पट्टा, हे पहिले नियम. तुम्ही मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याला किंवा मुंबईहून घारापुरीला जाल, तेव्हा जाकीट नुसते मांडीवर ठेवू नका. अंगात घालून बंद बांधा.

डूगल रॉबर्टसनने १९७३ साली या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि नंतर समुद्रात जीव कसा वाचवावा याची मार्गदर्शिकाही लिहिली. १९८२ साली स्टीव्हन कॅलाहन हा अमेरिकन तरुण अटलांटिकमध्ये रबरी तराफ्यावर एकटाच ७६ दिवस वाहत राहिला आणि वाचला. त्याच्याजवळ तराफ्यावर एक पुस्तक होते : डूगलची ती मार्गदर्शिका.

ती तीन मीटरांची एडनामेअर पुढे फॅलमथच्या सागरी संग्रहालयाला देण्यात आली. ज्या बंदरातून ही सफर निघाली, तिथेच ती होडी परत आली.

आता एक गृहपाठ. आज रात्री दोन वाट्यांत पाणी घ्या. एकीत तीन-चार चमचे मीठ विरघळवा, दुसरीत काहीच नको. दोन्हींत पाच-पाच बेदाणे टाका आणि सकाळी पाहा. कुठले बेदाणे जास्त फुगले आणि का? उत्तर सापडले, की अर्ध्या मीटरवर पाणी असूनही ती सहा माणसे आकाशाकडे का पाहत होती, हे तुम्हाला कोणी वेगळे सांगायला नको.